टिप्परच्या रॅम्पवर सेंट बर्नार्ड

आमच्याकडे पहिल्यांदा येणारं माणूस आधी रॅम्पकडे बघतं. कुत्र्यांना आंघोळ घालायला सिमेंटचा एवढा थोरला चढ कशाला, असं गोव्यातल्याच पर्वरी-म्हापशाकडचे लोक हमखास विचारतात. डिचोली, साखळी या खाणपट्ट्यातले कोणी विचारत नाहीत. इथे पूर्वी खनिज वाहणारे ट्रक, म्हणजे टिप्पर, धुतले जायचे, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांतल्या निम्म्यांचे स्वतःचेच टिप्पर इथे धुतलेले.

वडलांनी रस्त्याकडेच्या जागेत बोअर मारून हे वॉशिंग सेंटर घातलं तेव्हा खनिजाचे दिवस होते. दिवसाला पंधरा-वीस गाड्या लागायच्या. धूळ अशी, की रात्री घासून आंघोळ केली तरी टॉवेल तांबडा. मग सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. 2015 च्या सुमारास परत थोडी हालचाल झाली. वर्षाला 20 दशलक्ष टन एवढीच मुभा, तरी आम्ही पंप दुरुस्त करून बसलो. फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणलीजांचं नूतनीकरण न्यायालयात रद्द ठरलं आणि मार्चमध्ये सगळं पुन्हा बंद. त्या वर्षांत घर चाललं ते बायकोच्या ब्युटी पार्लरवर. पार्लर त्याच जागेत, मागच्या खोलीत. मी पुढे स्कूटर धूत बसायचो आणि दुपारी तिच्याकडून चहाचे पैसे मागायचो.

2018 च्याच मे महिन्यात एक निवृत्त तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, जीप धुवायला घेऊन आला. मागच्या सीटवर त्याचा सेंट बर्नार्ड ब्रूनो, जीभ हातभर बाहेर. म्हणाला, "भाऊ, जीप उरूं दी, पयलीं हाका न्हाणय." जीप राहू दे, आधी याला आंघोळ घाल. मी आयुष्यात एवढं कुत्रं जवळून पाहिलं नव्हतं. प्रेशर गनला हात लावला नाही, तेवढी अक्कल होती. ती गन चाकावरचा रंगसुद्धा उडवते. साध्या पायपाने वीस मिनिटांत आंघोळ झाली. पुढे दोन तास आम्ही तिघं त्याच्याभोवती टॉवेल घेऊन. उन्हात उभा केला तर धापा टाकायला लागला, सावलीत आणला तर सुकेना. बायकोने पार्लरमधला ड्रायर आणला, तो तापून बंद पडला. शेवटी वरून छान फुललेला दिसणारा ब्रूनो जीपमध्ये चढला आणि सीटवर पाण्याचं थारोळं झालं. तारवट्याने पाचशेची नोट दिली, आणि पुढच्या आठवड्यात दोन मित्रांना त्यांच्या कुत्र्यांसकट पाठवलं. जवळपास मोठं कुत्रं न्हाणायला घेणारं कोणी नव्हतंच. छोटं पॉमेरेनियन असेल तर लोक घरीच बादलीत बुचकळतात.

म्हणजे धंदा मिळाला तो मोठ्या आकारामुळे, आणि बुडता बुडता वाचला तोही त्याच आकारापायी.

पहिल्या पावसाळ्यात अस्नोड्याहून एक गोल्डन रिट्रीव्हर आला होता. माझ्या अंदाजाने मी सुकवला. वरचे केस चमकत होते, फोटोही काढले. तिसऱ्या दिवशी मालकिणीचा फोन. जाऊन बघतो तर कानाखाली गालावर तळहाताएवढा लालभडक ओला चट्टा, केस चिकटलेले, वास मारतोय. पशुवैद्यांनी भोवतालचे केस काढले आणि मलाच जवळ बोलावून दाखवलं. हॉट स्पॉट म्हणतात याला. दाट केसांच्या मुळाशी कातडी तासन्‌तास ओली राहिली की जिवाणू वाढतात, खाज सुटते, कुत्रं खाजवत सुटतं, आणि काही तासांत पैशाएवढ्या जागेचा पोह्याच्या बशीएवढा घाव होतो. पावसात आपल्या हवेत काय सुकतं? दोरीवरचा शर्ट तीन दिवस दमट राहतो. औषधाचा खर्च मी दिला. चूक पूर्ण माझीच होती. मालकिणीने नंतर कुत्रं पाठवलं नाही, त्याबद्दल तिला काय बोलणार?

त्या रात्री बायको म्हणाली, "तुम्ही पाणी घालायला शिकलात, काढायला नाही." ती पार्लरवाली, तिला केसांतलं कळतं. पुढे दोघंही पुण्याला कुत्र्यांचे केस-नखं सांभाळणाऱ्या एका ग्रूमरकडे दहा दिवस राहून आलो. तिथे कात्री कमी चालवली, ब्लोअर जास्त.

या मोठ्या कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, जाडसर. खाली मऊ, कापसासारखा अंडरकोट. सेंट बर्नार्ड मूळचा आल्प्सच्या खिंडीतला, तिथल्या मठातल्या साधूंनी पाळलेला. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गार पाण्यात कोळ्यांबरोबर काम करायचे, म्हणून त्याचा कोट आखूड असूनही तेलकट आणि दाट. पहिली बादली त्याच्या पाठीवरून अळवाच्या पानावरून घसरावी तशी घसरून जाते. आत पाणी शिरायला वेळ लागतो, आणि एकदा शिरलं की बाहेर यायला त्याहून जास्त.

म्हणून आमच्याकडे आंघोळीच्या आधी अर्धा तास नुसता विंचरण्याचा. गुंता असलेले केस भिजले की आवळून बसतात, मग कातरण्याशिवाय इलाज नाही. कानामागे, काखेत, शेपटीखाली जाड दातांचा रेक फिरवायचा, शेवटी स्टीलचा कंगवा. कंगवा कातडीपर्यंत न अडता गेला तरच पाणी. शाम्पू माणसाचा चालत नाही, आपल्या कातडीपेक्षा कुत्र्याची कातडी कमी आम्लधर्मी असते. कुत्र्याचा शाम्पूही घट्ट ओतायचा नाही; बादलीत पाण्यात फेटून घेतला तरच तो मुळापर्यंत जातो आणि धुऊनही निघतो. कानात कापसाचा बोळा. तो काढायला विसरू नये म्हणून मी दोन कापडी चिमटे माझ्या एप्रनला लावतो, बोळा निघाला की चिमटा निघतो. हे पुण्याचं नाही, माझं.

आणि मग ब्लोअर. हवा गरम नको, जोर हवा. नळी कातडीजवळ धरली की केस फुलासारखे दुभंगतात आणि मधोमध कातडी दिसते, पांढरी किंवा गुलाबी. त्या फुलाच्या कडेने पाणी बाहेर पळताना दिसतं. ती कड कोरडी होईपर्यंत थांबायचं, मगच बोटभर पुढे. घाई केली की पाणी शेजारच्या केसांत जाऊन बसतं. आधी पाठ, मग बरगड्या, मग मांड्यांची मागची बाजू, छातीची झालर, शेवटी शेपूट. तोंडावर ब्लोअर नाही, तिथे टॉवेल. झालं असं वाटलं की बंद करून दहा मिनिटं थांबायचं, आणि हाताची पालथी बाजू केसांच्या मुळाशी घालायची. तळव्याला कळत नाही, पालथ्या हाताला कळतं. गार लागलं तर अजून ओलं आहे. लॅबला दीड तास, गोल्डनला अडीच, सेंट बर्नार्डला चार.

विजेचं काय सांगू? दोन मोटरींचा ब्लोअर लावला की जुना एमसीबी, लोड वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, पडायचा. जादा लोडसाठी खेपा घालण्यात एक पावसाळा गेला, आणि तो मिळाला तर वीजच जायला लागली. अर्धा सुकलेला जर्मन शेफर्ड आणि अंधार. मग एक जुना जनरेटर घेतला. एका बँकेने त्यासाठी कर्ज नाकारलं; साहेबांनी अर्ज वाचून, कुत्रा धुणं हा व्यवसाय आहे का, असं विचारलं. बायकोने बांगड्या गहाण ठेवल्या, दीड वर्षात सोडवल्या.

उचलण्याचा प्रश्न मात्र जुन्या धंद्याने सोडवला. साठ-सत्तर किलोचं कुत्रं टेबलावर चढवायचं कसं? माझ्याकडे स्कूटर सर्व्हिसिंगची हायड्रॉलिक लिफ्ट पडून होती. तिच्यावर रबरी मॅट टाकली, कडेला पाइप वाकवून पट्टा बांधायची जागा केली. कुत्रं जमिनीलगत चालत येतं, मी पायाने पंप मारतो, ते वर येतं. म्हाताऱ्या, खुब्यात दुखणाऱ्या कुत्र्यांना मी उभंच करत नाही. काथ्याच्या चटईवर आडवं ठेवून एक कूस, मग दुसरी. पट्टा बांधलेल्या कुत्र्याकडे पाठ करायची नाही, हा इथला पहिला नियम. पोरगा कामाला ठेवला तेव्हा कात्रीच्या आधी त्याला हेच शिकवलं. दुसरा नियम ग्राहकांना: येण्याआधी पोटभर जेवण घालू नका. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडतो, त्यात तासाभरातही जीव जाऊ शकतो.

एप्रिल आला की दर दोन दिवसांनी एक भांडण. "उकडतंय त्याला, सगळे केस काढून टाका." मी नाही म्हणतो. कौलारू घराचं उदाहरण देतो. मंगळुरी कौलांखाली हवेची पोकळी असते म्हणून माजघर गार. कौलं उतरवली तर गार वाटेल का? अंडरकोट विंचरून मोकळा केला की हवा खेळते. मशीन फिरवलं की ऊन थेट कातडीवर, आणि काही कुत्र्यांचे केस नंतर ठिगळासारखे येतात, काही जागी येतच नाहीत. बरेच जण ऐकतात. काही जण दुसरीकडे जाऊन काढून आणतात आणि ऑक्टोबरात ते ठिगळ मला दाखवतात.

सत्तरी तालुक्यातून, वाळपईच्या बाजूने येणारे लोक केसांचं नाही, गोचिडीचं विचारतात. 2015 पासून तिकडे माकडतापाने माणसं दगावली, त्यामुळे गोचीड म्हटलं की घरात घबराट. तो ताप पसरवणारी जंगलातली गोचीड वेगळी, आणि आमच्या टेबलावर बहुतेक वेळा निघते ती तपकिरी, भिंतीच्या फटीत राहणारी वेगळी. पण हीसुद्धा कुत्र्याला टिक फीव्हर देतेच. म्हणून मी नुसती कुत्र्यावरची काढून देत नाही, घरी कुत्रं झोपतं कुठे ते विचारतो. तिचा बहुतेक जन्म कुत्र्यावर नाही, त्या फटीत जातो. रानात फिरणाऱ्या कुत्र्याचे कान आणि बोटांच्या बेचक्या रोज बघा, हेही सांगतो. रॉकेल लावून आणलेलं कुत्रं दिसलं तर मालकाला आधी बाहेर बसवतो, मग बोलतो.

दराबद्दल कुरकुर असते. वजनावर का घेत नाही? कारण पस्तीस किलोचा लॅब आणि पस्तीस किलोचा शेफर्ड यांत तासाभराचा फरक आहे. मी तासावर घेतो आणि भिंतीवर घड्याळ लावलंय. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात मात्र घड्याळही बघायला फुरसत नसते. घरी पाहुणे येणार, म्हणून सगळ्यांना कुत्रं एकाच वेळी स्वच्छ हवं असतं. तेव्हा दिवसाला पाचच्या वर घेत नाही. बायकोने पार्लर बंद केलं त्याला आता तीन वर्षं झाली. पंजे आणि कान तिच्याकडे, काळ्या नखांत आतली रक्ताची शीर दिसत नाही म्हणून ती कापायला मी अजून घाबरतो.

2024 मध्ये डिचोलीच्या बाजूला खाण पुन्हा सुरू झाली. परवा संध्याकाळी एक टिप्पर रॅम्पसमोर येऊन उभा राहिला, हॉर्न दिला. ड्रायव्हर जुना, वडलांना ओळखणारा. "काय रे, धुतोस ना अजून?" रॅम्पच्या पुढे लिफ्टवर ब्रूनो उभा होता, आता तोंडाभोवती पांढरा झालेला, ब्लोअर चालू. मी ब्लोअर बंद केला, ड्रायव्हरला पुढच्या पेट्रोल पंपाकडे जायला सांगितलं. तो थोडा वेळ बघत राहिला, मग हसत निघून गेला. मी हात पालथा करून ब्रूनोच्या उजव्या मांडीच्या केसांत घातला. अजून गार लागत होतं.