सज्जाकोठीच्या वाटेवरची खाणावळ : आमची वाटचाल

पन्हाळगडावर सज्जाकोठीच्या वाटेवर आमची खाणावळ आणि सात खोल्यांचे निवास आहे. कोल्हापूरहून सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या या गडाच्या पूर्वेकडील कड्यावर आदिलशाही काळातील ही दुमजली कोठी उभी आहे. तिच्या सज्जातून खालचे खोरे आणि समोरचा जोतिबाचा डोंगर दिसतो. आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा आधी कोठीवर जातो आणि मग भुकेने आमच्याकडे वळतो, त्यामुळे आमचे पोट दुसऱ्याच्या सज्जावर चालते, असे वडील विनोदाने म्हणत.

सुरुवात आईच्या एका परातीपासून झाली. कोठी पाहून परतणारे लोक अंगणात पाणी मागत, आणि पाण्यामागून भाकरीची चौकशी होऊ लागली. झुणका, खर्डा, दही आणि चुलीवरची ज्वारीची भाकरी यांपलीकडे तेव्हा काही नव्हते. कड्यावरचा वारा तव्याखालचा जाळ उडवून नेई, म्हणून वडिलांनी चुलीभोवती जांभ्या दगडाचा कमरेएवढा आडोसा रचला. आज तोच आडोसा आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत आहे. तिच्या आतल्या अंगाला धुराचा काळा थर असून आईने तो कधी चुन्याने झाकू दिला नाही.

पाहुणे मुक्कामाला राहू लागले तेव्हा राहत्या घरातील खोल्या एकेक करून रिकाम्या झाल्या आणि आम्ही माळ्यावर सरकलो. पुढे मात्र वाढ थांबली. पुरातत्त्व कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते परवानगीशिवाय करता येत नाही. कायद्याचा हेतू मला मान्य आहे, कारण कड्यावर चार मजली हॉटेले उभी राहिली असती तर पाहायला उरले काय असते? तरीही गळक्या छपराच्या दुरुस्तीचा आमचा अर्ज दोन पावसाळे टेबलावरून टेबलावर फिरला, आणि तोवर कोपऱ्यातील खोलीत पाहुण्यांऐवजी बादल्या मुक्कामाला होत्या.

जुलै हा आमचा खरा कसोटीचा महिना. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज ज्या रात्री निसटले, तिच्या स्मरणार्थ शेकडो तरुण पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जातात. त्या पहाटे दोन वाजता परात पुढ्यात येते आणि उजाडेपर्यंत भाकऱ्या कागदात बांधून होतात. महाराज याच कोठीतून उतरले का, असे बरेच जण विचारतात. ते गडाच्या दुसऱ्या एका वाटेने, राजदिंडीतून बाहेर पडले, हे मी भाकरी वाढता वाढता सांगतो. कोठीशी जोडली जाते ती शिवाजी महाराज आणि संभाजीराजे यांच्या भेटीची आठवण.

२०२१ च्या जुलैतील अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहतूक बराच काळ बंद राहिली. पीठ डोक्यावरून वर आणावे लागले, आणि ते खायला पाहुणेही नव्हते. कामावरच्या दोन बायकांचा पगार आम्ही आईच्या पाटल्या गहाण ठेवून दिला. त्यांपैकी एक पाटली अजून सोडवायची आहे.

२०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी वास्तुरचनेतील १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत आला. अभिमान वाटला, आणि नवे नियम कोणते येतील याची धाकधूकही वाटली. खोल्या मात्र सातच राहतील, एवढे आम्ही घरात ठरवून टाकले आहे.

पावसाळ्यात धुके इतके दाट असते की पाहुणे निघण्यापूर्वी फोन करून विचारतात. म्हणून धाकटा भाऊ रोज सकाळी कोठीपर्यंत जाऊन येतो आणि दारातल्या पाटीवर, भाकरीच्या दराखाली, जोतिबाचा डोंगर दिसतो की नाही ते खडूने लिहितो. आज त्याने ‘दिसत नाही’ असे लिहिले आहे, आणि तरीही दुपारच्या जेवणासाठी १७ जणांनी नावे नोंदवली आहेत.