जलरंगाचा वर्ग: पाण्याचा हिशेब

रविवार, रात्री

चाळिशी-पन्नाशीत जलरंग शिकायला येणाऱ्यांची पिशवी बहुतेकदा उलटी भरलेली असते. चोवीस ट्यूबांचा डबा, दहा ब्रशांचा सेट आणि कागद म्हणून ड्रॉइंगची वही. त्या वहीच्या पातळ कागदाला पाणी लागलं की तंतू फुगतात, लाटा येतात, रंग खळग्यांत साचतो. मग माणूस म्हणतो, ‘माझा हातच बसत नाही.’ बिचाऱ्या हाताचा त्यात काही दोष नसतो.

पैसे कागदावर घालावेत. ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), कोल्ड प्रेस्ड (किंचित खरबरीत पोताचा) आणि परवडत असेल तर शंभर टक्के कॉटन. २२ बाय ३० इंचांचा ताव तीनदा निम्मा केला की ११ बाय साडेसातचे आठ तुकडे होतात. पाठकोऱ्या बाजूवरही सराव चालतो, म्हणजे सोळा. रंग सहा पुरतात: लेमन यलो, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, बर्न्ट सायना. काळी ट्यूब घरी ठेवावी. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना दाट मिसळले की त्याहून जिवंत काळा मिळतो, आणि पाणी वाढवलं की त्यातूनच पावसाळी ढगांचे करडे निघतात. ब्रश सिंथेटिक, गोल ४ आणि ८ नंबरचे, शिवाय एक इंची चपटा. पाण्याला दोन बरण्या: एक ब्रश धुवायला, दुसरी स्वच्छ पाणी घ्यायला. ब्रश बरणीत उभा ठेवून चहाला गेलात तर टोक वाकतं, दांडा फुगतो आणि पत्र्याची टोपी ढिली होते.

मंगळवार

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली मंडळी लगेच ओळखू येतात. रेखाटन पक्कं असतं, पण कडा खिळ्यासारख्या ठाशीव. सवय पोस्टर कलरची: आधी गडद भरायचं, मग पांढऱ्याने उजेड काढायचा. जलरंगात हा क्रम उलटा. पांढरा म्हणजे कोरा कागद. तो कुठे राखायचा हे ब्रश ओला करण्याआधी ठरवावं लागतं आणि नवख्याला नेमकं हेच जड जातं. पेन्सिल एचबी किंवा २बी, हलकी. खोडरबर घासू नये. कागदावरची खळ, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, उडते आणि तिथे रंग टिपकागदावर पडल्यासारखा शोषला जाऊन डाग पडतो.

‘जलरंगात गडदपणा येतच नाही’ असंही ऐकू येतं. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ जण ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. आहे ते जलरंगात.

गुरुवार

आज फक्त वॉशचा, म्हणजे पाणीदार रंगाच्या एकसारख्या थराचा विचार. मोठ्या माणसांना घाई चित्र पुरं करून घरी दाखवायची असते, म्हणून वॉशचा सराव त्यांना कंटाळवाणा वाटतो. माझ्या मते पहिले चार वर्ग दुसरं काही करूच नये.

कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डावर चिकटवायचा. वरच्या कडेखाली एखादी जाड वही सरकवून उतार द्यायचा. रंग आधीच वाटीत कालवून ठेवायचा, तावाच्या आठव्या हिश्शाच्या तुकड्याला दोन-तीन चमचे. कमी पडला तर दुसऱ्यांदा तीच छटा जुळत नाही आणि तोवर वरचा भाग सुकून मध्ये रेघ उमटते. भरलेला ब्रश डावीकडून उजवीकडे एकदाच न्यायचा. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचा थेंब लोंबत राहिला पाहिजे. पुढचा पट्टा त्या थेंबाला स्पर्श करून न्यायचा. शेवटचा थेंब पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायचा. तो तसाच राहिला तर मागे सरकतो आणि सुकत आलेल्या रंगात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुटतो. कारण साधं आहे: जास्त पाणी कमी ओल्या भागात घुसतं आणि रंगाचे कण कडेला ढकलतं.

म्हणून ओल बघायला शिकायचं, आणि ती तिरप्या उजेडात दिसते. पृष्ठभाग आरशासारखा चमकत असेल तर टाकलेला रंग वाटेल तिकडे पळेल. चमक रेशमासारखी मंद झाली की मऊ कडा मिळतात, पण तेव्हा ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी हवं. चमक गेली तरी हाताची मागची बाजू टेकवल्यावर कागद गार लागत असेल तर आत ओल आहे. त्या वेळी पुन्हा रंग लावला की हमखास बिघडतं. सुकलेला रंग ओल्यापेक्षा फिकट दिसतो, तेव्हा मनात असेल त्याहून जरा गडदच लावावा.

सरावाला वांगं उत्तम. क्रिमसनमध्ये अल्ट्रामरीन घालून मध्यम जांभळा करायचा आणि चमकेची खिडकीसारखी जागा कोरडी सोडून पूर्ण वांगं एका दमात भरायचं. मंद चमक असतानाच सावलीच्या बाजूने त्याच मिश्रणाचा दाट रंग टेकवायचा, ओढायचा नाही, तो आपला पसरतो. अगदी कडेला बारीक फिकट पट्टी राहू द्यावी, टेबलाचा परतलेला उजेड तिथे असतो. देठ जांभळा रंग हाताला कोरडा लागल्यावरच, नाहीतर हिरवा जांभळ्यात उतरून मळतो. देठाचा हिरवा लेमन यलो आणि प्रशियनचा. अल्ट्रामरीनमध्ये तांबूस झाक असल्याने त्याचा हिरवा मातकट येतो. तो झाडांच्या सावलीला बरा.

ज्यांना चाळिशीचा चष्मा आहे त्यांनी बोर्ड डोळ्यांपासून हातभर अंतरावर ठेवावा आणि वांगं बोर्डाच्या अगदी मागे. सारखं वर-खाली बघताना दुभागी काचेत मान आखडते, आणि मग ब्रशही टोपीजवळ घट्ट धरला जातो. ब्रश दांड्याच्या मध्यावर धरावा.

शनिवार

पाऊस लागलाय. मे महिन्यात पट्टा ओढेपर्यंत सुकणारा वॉश आता तासभर ओला राहतो. पंख्याखाली तो एका बाजूने आधी सुकतो. हेअर ड्रायर चालतो, पण चमक गेल्यावर आणि फूटभर लांबून. आधी लावला तर साचलेलं पाणी पुढे ढकलतो. टेप काढण्याआधी कागद पूर्ण सुकू द्यावा. मग टेप चित्रापासून बाहेरच्या बाजूला, तिरकी, हळू ओढावी. फारच चिकटली असेल तर ड्रायरने जरा कोमट करावी.

कोऱ्या कागदाचे ताव झिपच्या प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवलेले बरे. दमट कपाटात खळ मरते, आणि ते रंग लावेपर्यंत कळत नाही. म्हणून पावसाळ्यात नव्या कागदाच्या कोपऱ्यावर आधी एक फिकट पट्टा ओढून बघायचा. ठिपके ठिपके उमटले तर तो कागद पेन्सिलच्या कामाला.

उद्याच्या वर्गाला प्रत्येकाने एक लाल कांदा आणायचा आहे, सालीसकट, आणि कागद घरूनच चिकटवून आणायचा. वर्गात टेप लावत बसलं की दोन तासांतला पाव भाग त्यातच जातो.