तुम्ही विचारलंत म्हणून: पोटभाडेकरू आणि सासूबाईंचा झोपाळा

"भाडेकरूनं फ्लॅट परस्पर दिवसावर दिला, तर करायचं काय हो?" पुण्यातल्या आमच्या विमाननगरच्या फ्लॅटचं प्रकरण नात्यागोत्यात पसरल्यापासून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात.

मला कळलं ते वॉचमनमुळे. "ताई, तुमच्याकडे दर दोन दिवसांनी नवीन बॅगा येतात." भाडं पाच तारखेच्या आत जमा होत होतं, म्हणून मी सहा महिने तिकडे फिरकलेच नव्हते. वेळेवर येणारं भाडं माणसाला आंधळं करतं. भाच्यानं ॲपवर शोधलं, तर फोटोत सासूबाईंचा पितळी कड्यांचा झोपाळा! खाली एका रात्रीचा दर.

माझा पहिला विचार: आजच जाऊन कुलूप बदलते. वकीलबाईंनी फोनवरच झापलं. कुलूप बदललं, वीज-पाणी तोडलं, की फिर्यादी तो होतो आणि आपण आरोपी. आधी पुरावा गोळा करा, म्हणाल्या. मग जाहिरातीचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढले, सेक्रेटरींकडून गेटच्या रजिस्टरच्या पानांचे फोटो घेतले आणि भाच्याला तिथं एका रात्रीचं बुकिंग करायला लावलं. माझ्याच घरात झोपायला मी पैसे मोजले, पण पावती हातात आली.

आता कागदाचं. आपण जो अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करतो, तो राहण्याचा परवाना असतो, आणि तो त्या माणसापुरता. पोटभाडेकरू ठेवायचा नाही, ही अट करारात होतीच. करार नोंदवलेला होता, हे माझं नशीब. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये करार नोंदवायची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच ग्राह्य धरतात. नोंदणीचे हजार रुपये वाचवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

वकीलबाईंनी रजिस्टर पोस्टानं नोटीस धाडली: अटभंग झाला, जाहिरात काढा, एका महिन्यात जागा रिकामी करा. त्यात याच कायद्याच्या कलम 24 ची आठवणही दिली. परवान्याची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि त्या काळाचं दुप्पट भाडं लागतं. मुदत संपायला तसेही चारच महिने उरले होते.

मला खरी धास्ती वेगळीच होती. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मी दिली होती, फोटो त्याचा, आणि झोपत होते भलतेच. परदेशी पाहुणा उतरला तर 24 तासांत कळवावं लागतं, ते यानं कधी केलं असणार? उद्या काही झालं असतं, तर पहिला फोन मलाच.

भाडेकरू मुलगा तसा वाईट नव्हता. नोकरी गेली होती, म्हणाला. मला आधी सांगितलं असतं तर भाडं थोडं कमी केलं असतं. तेही त्याला सांगितलं. विसाव्या दिवशी त्यानं किल्ल्या दिल्या. गादी आणि गीझरचे पैसे कापून बाकीचं डिपॉझिट त्याच दिवशी परत केलं, सही घेऊन.

भाच्यानं त्या मुक्कामाला पाचपैकी चारच स्टार दिले होते. बाथरूममध्ये पाण्याला प्रेशर नाही म्हणे. प्लंबर बोलावलाय.