ॲलिस स्ट्रीटवरचे शेतघर

सिडनीच्या पश्चिमेला पॅरामॅटा भागात राहायला आल्यापासून रोझहिलमधल्या ॲलिस स्ट्रीटवरून माझी नेहमी ये-जा असते. दोन्ही बाजूंना विटांच्या ठेंगण्या इमारती आणि कडेला लावलेल्या गाड्या, असा हा अगदी साधा उपनगरी रस्ता आहे. त्याच रस्त्यावर, झाडांच्या आड, उतरत्या छपराचे आणि रुंद ओसरीचे एक बसके घर आहे. या ‘एलिझाबेथ फार्म’चे बांधकाम 1793 मध्ये सुरू झाले आणि युरोपीय वसाहतवाल्यांनी ऑस्ट्रेलियात बांधलेल्या घरांपैकी आज उभे असलेले सर्वांत जुने घर म्हणून ते ओळखले जाते.

त्याआधी ही भूमी दारुग भाषा बोलणाऱ्या बुरामट्टागल लोकांची होती आणि पॅरामॅटा हे नावही त्यांच्याच नावावरून आले आहे. त्यांना न विचारता 1793 मध्ये इथली शंभर एकर जमीन जॉन मॅकआर्थर या लष्करी अधिकाऱ्याला देण्यात आली. घराचा इतिहास सांगताना हे वाक्य गाळले, तर पुढचे सारे अपुरे राहते. शिक्षा भोगायला पाठवलेल्या कैद्यांच्या श्रमावर ही शेती उभी राहिली. जॉनने आपल्या पत्नीचे नाव शेताला दिले. मूळ घर एकमजली होते, दर्शनी बाजूने 68 फूट लांब आणि 18 फूट रुंद. त्यात चार खोल्या, एक मोठे दालन आणि तळघर होते, तर स्वयंपाकघर बाजूला वेगळे होते. ओसरी आणि आज दिसणारे बरेचसे रूप नंतरचे आहे.

या शेताचा आपल्याकडचा एक धागा मला फार उशिरा कळला. मॅकआर्थरने सुरुवातीला जी मेंढरे घेतली, ती कोलकात्याहून जहाजाने आलेली बंगाली मेंढरे होती. त्यांच्या अंगावर लोकरीपेक्षा राठ केसच अधिक असत. आयरिश मेंढरांशी त्यांचा संकर केल्यावर पिल्लांच्या अंगावर केसांबरोबर लोकरही येऊ लागली आणि इथे लोकरीचा धंदा होऊ शकतो, हे त्याच्या मनाने घेतले. स्पॅनिश वंशाची मेरिनो मेंढरे त्यानंतर, 1797 मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या केप वसाहतीतून आली.

या घराचा इतिहास खऱ्या अर्थाने एलिझाबेथचा आहे, असे माझे ठाम मत आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याशी द्वंद्वयुद्ध केल्यामुळे जॉनला 1801 मध्ये इंग्लंडला पाठवण्यात आले आणि तो 1805 मध्ये परतला. पुढे 1808 मध्ये गव्हर्नर ब्लाय यांना पदच्युत करणाऱ्या बंडात त्याचा हात असल्यामुळे 1809 ते 1817 ही वर्षेही त्याला देशाबाहेर काढावी लागली. म्हणजे एकूण सुमारे बारा वर्षे कळपांची निगा, कातरणी, कैदी मजुरांची व्यवस्था, हिशेब आणि मुलांचे संगोपन हे सगळे एलिझाबेथने सांभाळले. तरीही 1966 च्या दोन डॉलरच्या नोटेवर मेरिनो मेंढ्याशेजारी चेहरा छापला गेला तो जॉनचा. ही गोष्ट मला अजूनही खटकते. आयुष्याच्या अखेरीस जॉनचे मानसिक संतुलन ढळले, तेव्हा तर तिलाच स्वतःच्या नावाच्या या घरातून बाहेर पडावे लागले. जॉन 1834 मध्ये वारला. ती 1850 पर्यंत जगली.

1881 मध्ये ही मालमत्ता विकली गेली, जमिनीचे तुकडे पडले आणि जवळच घोड्यांच्या शर्यतीचे मैदान झाले. घराची मात्र रया जात चालली होती. 1904 मध्ये विल्यम स्वान यांनी मोडकळीला आलेले हे घर भोवतालच्या सहा एकरांसह विकत घेतले आणि 1968 पर्यंत त्यांचे कुटुंब तिथे राहिले. भोवतीची शेते नाहीशी होऊन घरे आणि कारखाने उभे राहत असताना हे छप्पर टिकले, त्याचे मोठे श्रेय, माझ्या मते, या चौसष्ट वर्षांच्या नांदत्या वस्तीला आहे. ज्या घरात चूल पेटते आणि गळके छप्पर पावसाआधी शाकारले जाते, ते घर सहसा पडत नाही.

1984 पासून तिथे संग्रहालय आहे, पण आडव्या बांधलेल्या दोऱ्या नाहीत आणि ‘हात लावू नये’ अशा पाट्याही नाहीत. आतले सामान जुन्या वस्तूंच्या नमुन्यावर मुद्दाम नव्याने घडवलेले असल्यामुळे खुर्चीत बसता येते, कपाटाचे खण उघडून पाहता येतात. मागच्या खेपेला मी बराच वेळ मेजाशी बसून होते. खिडकीतून येणारा उजेड ओसरीच्या छपराखालून गाळून येत असल्यामुळे भर दुपारीही खोली मंद आणि गार होती. बाहेर बागेत ऑलिव्हचे एक झाड आहे, 1805 मध्ये लावलेले म्हणून सांगतात. त्याचे खोड पिळलेल्या दोरासारखे झाले आहे, त्याला जागोजागी ढोल्या पडल्या आहेत, आणि तरीही वरच्या फांद्यांना बारीक रुपेरी पाने आहेत.