गाडीचं पोट

खंडेनवमीला साताऱ्यात गाड्यांची नुसती चंगळ असते. सकाळपासून बादल्या, शाम्पू, जुने बनियन. मग झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. सगळा थाट नजरेला पडेल तिथे. गुडघ्याच्या खाली गाडीचं काय चाललंय, याची चौकशी कुणी करत नाही. आणि गाडी सडते ती तिथूनच.

माझा भाचा टोरंटोला असतो. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. मिठाचं पाणी शून्याच्या खाली काही अंशांपर्यंत गोठत नाही, एवढंच त्यामागचं गणित. कॅनडात असं वर्षाला सुमारे ५० लाख टन मीठ रस्त्यांवर पडतं! रस्ता मोकळा होतो, पण तेच खारं पाणी चाकांवरून उडून गाडीच्या पोटाला लागतं आणि गंज ब्रेकच्या पाइपांपर्यंत जाऊन पोचतो. त्यामुळे पारा जरा शून्याच्या वर सरकला की भाचेबुवा गाडी खालून धुऊन आणतात. "मामा, वरचं राहिलं तरी चालेल, खालचं सोडायचं नाही." आपण मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतो, तिकडे गाडीला दृष्ट लागते ती मिठाचीच.

आपल्याला काय त्याचं, असं म्हणायची मात्र सोय नाही. सुट्टी लागली की सातारकर कराड-पाटण करत कुंभार्ली घाट उतरतो, गुहागर गाठतो आणि फोटोपायी गाडी थेट पुळणीत घालतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते हवेतली ओल ओढून पत्रा दमट ठेवतं, आणि एरवी रमतगमत चढणाऱ्या गंजाला घाई करतं. घरी आल्यावर आपण काचा पुसतो, पायपुसणी झटकतो. झालं.

मिठाची कसर पावसाळ्यात माती भरून काढते. यवतेश्वरचा घाट चढून कास-बामणोली करून आलेली गाडी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवावी आणि खाली वाकून बघावं. मडगार्डच्या आतल्या दुमडीत तांबड्या मातीची वळकटी बसलेली असते. वरून ठक्क वाळलेली. बोट खुपसलं की आत गार, ओली. पाऊस उलटला तरी ती ओल पत्र्याला चिकटूनच. प्रेशर मारणारा पोरगा विचारतो, "काका, खालनं पण मारू का?" त्याला विचारावं लागतं, म्हणजे बरेच काका नको म्हणत असणार. आपण हो म्हणावं, आणि तांबडं पाणी गळायचं थांबेपर्यंत हलू नये. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरायला बारीक भोकं असतात, ती बुजली की दार आतून कुजतं. तिथं खराट्याची काडी पुरते. गंज लागू नये म्हणून कोटिंग मारायचं तेही धुऊन, सुकवून मगच. चिखलावर कोटिंग म्हणजे गंजाला पांघरूण.

आमच्या गल्लीतले एक बागायतदार याहून पुढचे. रानातला तुषार सिंचनाचा नोझल पाइपला जोडून जमिनीवर ठेवतात आणि जीप त्यावरून सावकाश पुढं-मागं घेतात. भाच्याला फोटो पाठवला, तर म्हणाला, इथले लोकही लॉनचा फवारा असाच वापरतात. धुतलेली गाडी बागायतदार लगेच शेडमध्ये लावत नाहीत. वाढे फाट्यापर्यंत चक्कर मारून आणतात, म्हणजे सांदीकोपरे वाऱ्यानं सुकतात.

जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांना हे सगळं पाठ असतं. तुम्ही पॉलिश मारून, अत्तराची बाटली लावून गाडी न्या. मुरलेला माणूस तिकडे बघतही नाही. पोतं अंथरतो, गाडीखाली आडवा होतो आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं पत्र्यावर टकटक करत जातो. आवाज खणखणीत आला तर पुढची बोलणी. बद्द आला तर कपडे झटकत उठतो आणि म्हणतो, "चहा घेऊ की, साहेब."