मुंग्यांचा कौल

परवा दुपारी ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली. मूळ शोधत गेले तर ती वरच्या फळीवर, पोह्यांच्या डब्यामागं जाऊन पोहोचलेली. तिथं एक जपानी अक्षरांचं पाकीट, तोंडाचं रबर सैल झालेलं. मागच्या एप्रिलात जपानच्या ओकिनावा बेटाहून आणलेली कोकुतो. कोकुतो म्हणजे शब्दशः काळी साखर, त्यामुळं आमच्या घरात वर्षभर वाद आहे. नवरा म्हणतो साखर, मी म्हणते गूळ. शेजारीच खऱ्या साखरेचा डबा होता, झाकण नेहमीसारखं अर्धवट लागलेलं. त्याच्याकडं ढुंकूनही न बघता सगळी पलटण पाकिटात. देवानं उजवा कौल द्यावा तसं झालं. मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "मुंग्यांना जपानी वाचता येत नाही."

आता उसाचा रस उकळून आटवायचा, घोटायचा, थापून तुकडे करायचे, मळी वेगळी काढायची नाही. याला गूळ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? १६२३ साली गिमा शिन्जो नावाच्या एका अधिकाऱ्यानं चीनमधल्या फुजियानला माणसं धाडून ही विद्या बेटावर आणली म्हणतात. तेव्हा तिथं रियुक्यूचं वेगळं राज्य होतं, वेगळा राजा होता. कोकुतो आजही तिथल्या आठ छोट्या बेटांवर तयार होते.

आम्ही मोतोबूला एका घरात उतरलो होतो. लाल कौलांच्या छपरावर तोंड वासलेला शीसा, म्हणजे सिंह आणि कुत्रा यांच्या मधलं काहीतरी. फाटकातून आत आलं की समोर एक आडवी भिंत. भुतं सरळ रेषेत चालतात, त्यांना वळता येत नाही, म्हणून. घरातल्या म्हातारीला सगळे 'ओबा' म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. आल्या आल्या तिनं मोगऱ्याच्या वासाचा गार चहा आणि बशीत कोकुतोचे खडे आणून ठेवले. एक खडा तोंडात, वर चहाचा घोट. मी थेट आजोळच्या पडवीत. उन्हातून आलं की तिथंही तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा, पाय धुतलेस का हे विचारण्याच्याही आधी. कोकुतो जराशी खारट लागते. आमच्याकडं इतका काळा गूळ म्हशीला घालत, पण हे काही मी ओबाला सांगितलं नाही.

मला एक खोड आहे. परक्या मुलुखात गेले की इमारती, पुतळे, बाजार बाजूला राहतात, मी लोकांच्या कुंपणांकडं बघत चालते. झाड ओळखीचं निघालं की त्याला मोठ्यानं मराठी नावानं हाक मारते. ओकिनावात माझा घसा बसला. शहरात शिरलो तोच पांगारा, लालभडक पेटलेला. त्याला तिथं देइगो म्हणतात आणि तो त्या प्रांताचं अधिकृत फूल आहे. आपल्याकडं पांगाऱ्याची पत ती काय! खुंट रोवायचा, कुंपण करायचं, नाहीतर त्याच्यावर मिरवेल चढवायची. तिथं तो फार फुलला की त्या वर्षी वादळं जास्त, अशी समजूत आहे. समुद्रकाठी केवडा. मंडईत कारल्यांचे ढीग, आणि तीच कारली अंडं, टोफू घालून परतलेली प्रत्येक खाणावळीत. ही कारली १९९३ पर्यंत जपानच्या मुख्य भूमीवर मोकळेपणी जाऊच शकत नव्हती, फळमाशीमुळं. मग प्रयोगशाळेत वांझ केलेल्या माश्या वर्षानुवर्षं, कोट्यवधींच्या संख्येनं सोडून बेटावरचा तिचा वंशच संपवला. कारल्यासाठी एवढं? मी लहानपणी ताटाखाली लपवायचे ती भाजी.

चौकाचौकात नांद्रुक, पारंब्या सोडून बसलेला. तिथल्या नांद्रुकावर किजिमुना राहतो. लाल केसांचा, पोराएवढा, मासे धरण्यात पटाईत, पण खातो फक्त माशाचा डोळा. माणसाशी दोस्ती करतो, आणि माणूस पादला की कायमचा पळून जातो. आपल्या पिंपळावरच्या मुंजापेक्षा हा मला बराच सोसवण्यासारखा वाटला.

"एवढं तिकीट काढून आलो," नवरा तिसऱ्या दिवशी म्हणाला, "राजापूरला एसटी जाते."

त्यानंतर तो देवमुशी बघायला मत्स्यालयात गेला आणि मी जवळच्या बिसे गावात. या गावाला घरं आहेत हे बाहेरून कळतच नाही. पांढऱ्या वाळूच्या अरुंद वाटा आणि दोन्ही बाजूंनी फुकुगीच्या झाडांच्या भिंती. सरळसोट खोड, जाड चकचकीत पानं, समोरासमोर जोडीनं. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण आत शिरलं की गाज बंद. वादळ अडवायला प्रत्येक घराभोवती पूर्वजांनी लावलेली ही झाडं. पान उलटसुलट करून बघताना वाटलं, हे कुणाचं तरी आहे. फोनवर शोधलं तर कूळ निघालं गार्सिनिया. म्हणजे रातांब्याचा चुलतभाऊ! आपल्या रातांब्याचा लाल, तर याच्या सालीचा रंग पिवळा, तिथल्या बिंगाता कापडावर चढणारा. फळ मात्र आगळाच्या कामाचं नाही. पिकून खाली पडलं की घाण वास सुटतो आणि वटवाघळांची चंगळ होते. चुलतभावांत असा एखादा असतोच.

सेफा उताकीला आम्ही दोघं गेलो. उताकी म्हणजे देवाची राई. देऊळ नाही, मूर्ती नाही, घंटा नाही. रियुक्यूची सर्वांत मोठी देवीण, म्हणजे राजघराण्यातली मुख्य पुजारीण, इथं पदावर बसायची. पूर्वी पुरुषांना आत प्रवेशच नव्हता. हे कळल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, तू बाहेर थांब. तो तिकीट दाखवून आत आला.

पाऊस नुकताच पडून गेला होता. दगडी वाट निसरडी, दोन्हीकडं ओलं रान. शेवटी एकमेकांवर कललेले दोन प्रचंड खडक आणि त्यांच्यामधून त्रिकोणी वाट. पलीकडं समुद्रात कुदाका बेट. एक बाई हात जोडून उभी होती, समोर काहीच नव्हतं. आणि माझा हात आपोआप खिशाकडं गेला.

आजोळच्या गावाला देवरहाटी होती. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही, हे आम्हा पोरांना चालायला लागल्यापासून माहीत. मी नऊ वर्षांची असताना तिथून गारंबीची एक बी उचलली. तपकिरी, गुळगुळीत, आजोबांच्या खिशातल्या घड्याळाएवढी. फ्रॉकच्या खिशात घातली आणि दिवसभर एक हात खिशातच ठेवून हिंडले. संध्याकाळी आजी जेवायला वाढताना म्हणाली, "उजव्या हातानं जेव गो." मी डाव्यानं जेवत होते. तिनं काहीच विचारलं नाही. जेवण झाल्यावर कंदील घेतला, माझा हात धरला आणि अंधारातून रहाटीच्या कडेपर्यंत नेलं. "ठेव जिथली तिथं. आणि सांग, चुकले म्हणून." कुणाला सांगायचं ते ती बोलली नाही. समोर नुसता किर्र अंधार आणि पानांचा वास. मी अंधाराला सांगितलं, चुकले. परतताना आजी तिच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिली.

सेफा उताकीत मला काहीतरी महत्त्वाचं सुचलं होतं, मुक्कामी जाऊन लिहायचं असं ठरवलंही होतं. आता आठवत नाही. बूट ओले झाले होते एवढं आठवतं.

शेवटी आम्ही उत्तर टोकाला दाइसेकिरिन्झानला गेलो. चुनखडीचे सुळके आणि उतारभर सायकस. इथं मला मराठी नाव सुचेना. सायकसला सायकसच म्हणतो आपण. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी दोन आहेत, गेरूनं रंगवलेल्या कुंड्यांत, दर दिवाळीला रंगाचा नवा हात मिळणाऱ्या. तरी मी ओरडलेच, "अगं बाई, आपला फाटकावरचा!" रात्री फोनवरच्या भाषांतराच्या सोयीनं ओबाला फोटो दाखवून सांगितलं, हे झाड आमच्याकडं शोभेला लावतात. तिनं फोटो बराच वेळ पाहिला. मग एक शब्द बोलली. फोननं मराठी केलं: नरक.

मला वाटलं, फोन चुकला.

नवऱ्यानं नंतर वाचून दाखवलं. सोतेत्सु जिगोकु, सायकसचा नरक. पहिल्या महायुद्धात साखरेचे भाव चढले. बेटाचा पैसा म्हणजे ऊस, आणि ऊस म्हणजे साखर. १९२० नंतर भाव कोसळले. लोकांना भात तर नाहीच, रताळीही मिळेनात. मग सायकसची खोडं तोडायची, बिया फोडायच्या, पुन्हापुन्हा पाण्यात भिजवून विष उतरवायचं आणि त्या पिठाची पेज करायची. विष उतरायला दिवस लागतात. भुकेल्या घरात कुणाला तेवढा धीर? नीट न उतरवता खाल्लं, की माणसं मरत. पुष्कळांनी बेट सोडलं, कुणी ओसाकाच्या गिरण्यांत गेले, कुणी हवाईला, कुणी ब्राझीलला.

ओबाच्या घरातून कोण गेलं होतं, हे विचारायला माझ्याजवळ फोन होता. मी विचारलं नाही.

तर मुंग्या. कोकुतोचे खडे ताटलीत काढून गच्चीवर उन्हात ठेवले. चार वाजेपर्यंत मुंग्या निघून गेल्या. खाली माळीकाका पाइप घेऊन फाटकाशी आले होते, सायकसच्या टोकदार पानांवरची धूळ धूत होते. मी चहा टाकला, त्यात दोन खडे घातले.

नवऱ्यानं घोट घेतला. "साखर जरा जास्त झाली का गं?"

"हो," मी म्हटलं, "झाली."