तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा मोठा कोळी, विषारीच असेल ना?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा रात्री येतो. भिंतीवर तळहाताएवढा कोळी, फोटो हललेला, आणि खाली एकच ओळ: "विषारी आहे का? मारू का?"

विष जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असतं. भक्ष्य लुळं करायला ते लागतंच. पण आजवर नोंदल्या गेलेल्या ५०,००० हून अधिक जातींपैकी माणसाला खरा त्रास होईल अशा अगदी थोड्या, आणि त्या आकारावरून ओळखता येत नाहीत. म्हणून मी आधी जाळं बघते. आहे का, असेल तर कसलं, आणि कोळी बसलाय कसा?

भिंतीवरचा तो भलामोठा कोळी बहुधा हंट्समन निघतो. उष्ण प्रदेशांत जगभर पसरलेली त्याची जात म्हणजे हेटेरोपोडा व्हेनेटोरिया. अंग अडीच सेंटिमीटरच्या आसपास, पण पाय पसरले की दहा-बारा सेंटिमीटर भरतो. अंग चपटं, पाय खेकड्यासारखे बाजूला वळलेले, आणि जाळं नाहीच, कारण हा धावून शिकार करतो. झुरळं खातो. डोळ्यांच्या खाली फिकट रंगाचा आडवा पट्टा दिसला की माझी खात्री पटते. मादी दिसली तर थोडं थांबून बघाच: अंड्यांची चपटी, गोल, पांढुरकी पिशवी ती पोटाखाली धरून चालते, नाण्याएवढी. अशा वेळी तिला डिवचलं तर ती चावू शकते, चावा दुखतो, पण जिवावर बेतत नाही. दुसरा मोठा पाहुणा लांडगा कोळी. त्याची मादी पिशवी मागच्या टोकाला चिकटवून फिरते आणि पिल्लं बाहेर आली की ती आईच्या पाठीवर बसतात. टॉर्च मारला की त्याचे डोळे चमकतात. तोही निरुपद्रवीच.

जपायचं ते विडो कोळ्यांपासून, आणि ते लहान असतात. मादीचं अंग जेमतेम एक-दीड सेंटिमीटर. जाळं वेडंवाकडं, गुंता झालेलं, पण धागे चिवट. काडीने ओढले तर ताण हाताला जाणवतो. ती पोट वर करून उलटी लटकते, त्यामुळे पोटावरची वाळूच्या घड्याळासारखी लाल खूण सहज दिसते. ब्राउन विडोची खूण केशरी असते, पण तिला मी खुणेपेक्षा अंड्यांच्या पिशवीवरून ओळखते: बारीक काटे फुटलेला गोळा, दुसऱ्या कुठल्याही घरगुती कोळ्याचा असा नसतो. कुंडीखाली, लाकडांच्या ढिगात, बाहेर ठेवलेल्या बुटात हात घालण्याआधी बघायचं ते यासाठी.

ब्राउन रेक्लुजचं नाव ऐकून लोक जगभर घाबरतात, पण तो अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागातला. पाठीवरच्या व्हायोलिनच्या खुणेवर विसंबू नका, तशा खुणा इतर कोळ्यांवरही दिसतात. डोळे मोजा: बहुतेक कोळ्यांना आठ असतात, याला सहा, दोन-दोनच्या तीन जोड्यांत. पायांवर पट्टे किंवा जाड काटे असतील तर तो रेक्लुज नव्हे. कॅन्ससमधल्या एका घरात सहा महिन्यांत २,०५५ रेक्लुज सापडले आणि घरातल्या कुणालाही त्यांच्या विषाची बाधा झाली नव्हती. २००२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्वचेवरची प्रत्येक जखम कोळ्याच्या माथी मारण्याची सवय मला म्हणूनच खटकते. त्यातल्या कित्येक जखमा जिवाणूसंसर्गाच्या निघतात, आणि मग त्यांच्यावरचा उपचार लांबतो.

मोठे आणि खरोखर धोकादायक असे कोळीही आहेत. ऑस्ट्रेलियातला सिडनी फनेल-वेब: काळा, तुकतुकीत, विषदंत खालच्या बाजूला वळलेले. भटकणारा नर घरात शिरतो, आणि विषही त्याचंच जास्त घातक. दक्षिण अमेरिकेतला वाँडरिंग कोळी हंट्समनसारखाच वाटतो, पण डिवचला की पुढचे पाय उंच उभारतो. त्या भागांत राहत असाल तर अंतर ठेवणंच योग्य.

चावल्याचा संशय असेल तर जागा साबण-पाण्याने धुवा, गार पट्टी ठेवा. कापू नका, चोखू नका. घाम, पोटात पेटके, अंगभर दुखणं सुरू झालं तर विडोची शक्यता धरून लगेच रुग्णालयात जा. फनेल-वेबचं मात्र वेगळं आहे: चावलेल्या हाता-पायावर घट्ट पट्टी गुंडाळायची, तो अजिबात हलू द्यायचा नाही आणि तडक रुग्णवाहिका बोलवायची. प्रतिविष १९८१ पासून उपलब्ध आहे, आणि वेळेत पोहोचलं की ते काम करतं.